दुखण्याची गोळी, पोटाची गोळी आणि एकच कॅप्सूल

प्रश्न : माझ्या आईचं वय ६८. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. आठ महिन्यांपूर्वी आमच्या डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी एक कॅप्सूल लिहून दिली. दुखणं कमी करणारं औषध आणि पित्ताचं औषध तिच्यात एकत्र आहे, असं मेडिकलवाले म्हणाले. आईला इतका आराम पडला की तेव्हापासून ती रोज एक घेते. स्ट्रिप संपली की मी कामावरून येताना नवी आणतो. आम्हाला लहानपणापासून आई सांगत आली की दुखण्याची गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही. ही कॅप्सूल मात्र सकाळी उपाशीपोटी घ्यायला सांगितली आहे. हे कसं काय? आणि पोटाचं औषध त्यातच असल्यावर रोज घ्यायला हरकत ती काय? आईला बीपी आणि शुगर आहे, त्या गोळ्या चालू आहेत.
– एक वाचक, सातारा

उत्तर : पहिल्या प्रश्नात आईही बरोबर आहेत आणि चिठ्ठीही बरोबर आहे. पण आधी एक काम करा. स्ट्रिप उलटी धरा आणि मागची बारीक छपाई उजेडात वाचा. मोठ्या अक्षरांतलं नाव कंपनीच्या कामाचं, बारीक अक्षरांतली नावं आपल्या कामाची. तुमच्या वर्णनावरून तिथे बहुधा ‘अॅसेक्लोफेनॅक २०० मिग्रॅ, सस्टेन्ड रिलीज’ आणि ‘रॅबेप्राझोल २० मिग्रॅ, एन्टेरिक कोटेड’ असं काहीतरी असेल. ही जोडी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. दुसरी जोडी असेल तर नियम बदलतो, त्याबद्दल पुढे सांगतो.

दुखण्याच्या औषधाने पोट का बिघडतं, हे जगाला बरंच उशिरा कळलं. अॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात होतं. ते शरीरात नेमकं काय करतं, हे जॉन वेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवलं आणि त्यासाठी १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आला. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं आपल्या शरीरात जागोजागी तयार होतात. सुजलेल्या गुडघ्यात ती दुखणं वाढवतात. जठरात मात्र त्यांचं काम राखणदाराचं असतं. आतल्या अस्तरावर चिकट थर राखणं, आम्ल मारणारा क्षार पाझरवणं, अस्तराला रक्त पुरवणं ही सगळी त्यांची कामं. दुखण्याचं औषध ही द्रव्यं तयार होणंच थांबवतं. गुडघ्यात थांबवतं आणि त्याच वेळी जठरातही थांबवतं.

यातली मेख अशी की हे औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतं. गोळी अस्तराला टेकते म्हणून थोडी जळजळ होते हे खरं, आणि चार घास खाऊन घेतली तर ती जळजळ कमी होते, हेही खरं. आईंचा नियम तिथपर्यंत बरोबर. पण जखम, म्हणजे अल्सर, होतो तो मुख्यतः राखण उठल्यामुळे. त्याला पोट भरलेलं असण्या-नसण्याने फारसा फरक पडत नाही. दुधाबरोबर घेतली म्हणूनही अल्सर टळत नाही.

आता रॅबेप्राझोल. जठराच्या भिंतीतल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. जेवण येतंय अशी चाहूल लागली की ते कामाला लागतात, आणि हे औषध चालू असलेल्या पंपालाच धरतं. म्हणून ते आधी रक्तात जायला हवं आणि जेवण मागून यायला हवं. त्यासाठी अर्धा तास पुरतो. रक्तात ते तास-दोन तासच टिकतं, पण धरलेला पंप पुन्हा चालू होत नाही, शरीराला नवा पंप तयार करावा लागतो. म्हणून सकाळच्या एका मात्रेचा परिणाम दिवसभर राहतो. तेव्हा ‘उपाशीपोटी’ हा नियम कॅप्सूलमधल्या पोटाच्या अर्ध्या भागासाठी आहे. दुखण्याच्या अर्ध्या भागाला सस्टेन्ड रिलीज केलेलं असल्याने तो हळूहळू सुटतो, त्याला तेवढा अर्धा तास चालतो. मात्र चिठ्ठीतल्या ‘उपाशीपोटी’चा अर्थ अर्ध्या तासाने न्याहारी असा आहे. सकाळी सहाला कॅप्सूल, नुसता चहा आणि मग थेट बाराला भाकरी, असं होत असेल तर औषधाचा पोटाकडचा अर्धा भाग फुकट जातो.

कॅप्सूल उघडून पाहिलीत तर आत बारीक दाणे दिसतील, काही कॅप्सूलमध्ये एखादी छोटी गोळीही असते. रॅबेप्राझोल आम्लात टिकत नाही, म्हणून त्याच्यावर लेप असतो. अॅसेक्लोफेनॅक हळू सुटावं म्हणून त्याची बांधणी वेगळी असते. गिळता येत नाही म्हणून ती खलबत्त्यात कुटून मधातून देणारी प्रेमळ मुलं असतात. कुटल्यावर एक औषध जठरातच नासतं आणि दुसऱ्याचा दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो. गिळायला त्रास होत असेल तर तसं डॉक्टरांना सांगा, दुसरा पर्याय देता येतो.

वर म्हटलेल्या दुसऱ्या जोड्यांबद्दल. नेप्रोक्सेन आणि इसोमेप्राझोल अशी गोळी असते. अमेरिकेत तिला २०१० मध्ये मान्यता मिळाली. तिच्यात बाहेरच्या थरातलं इसोमेप्राझोल आधी सुटतं, जठरातलं आम्ल सौम्य होतं, आणि मगच आतलं नेप्रोक्सेन मोकळं होतं. ती दिवसातून दोनदा, जेवणाआधी किमान अर्धा तास घ्यायची असते. डायक्लोफेनॅक आणि मिसोप्रोस्टॉल या जोडीचा नियम नेमका उलटा आहे, ती जेवणाबरोबर घ्यायची. मिसोप्रोस्टॉल म्हणजे त्या राखणदार द्रव्याचीच प्रयोगशाळेत बनवलेली नक्कल. अन्नाबरोबर घेतलं तर त्याने होणारे जुलाब आणि पोटातली कळ जरा आटोक्यात राहते. त्यावर मॅग्नेशियम असलेलं पातळ अँटासिड प्यायलं तर जुलाब आणखी वाढतात. शेजारणीने सांगितलेला नियम आपल्या कॅप्सूलला लावू नये, तो यासाठी.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच. पोटाचं औषध त्यातच आहे, मग रोज घ्यायला हरकत काय?

या दोन गोळ्या एकत्र का केल्या, ते आधी पाहू. लोक दुखण्याची गोळी चुकवत नाहीत, पोटाची चुकवतात. गुडघा आठवण करून देतो, पोट देत नाही. चिठ्ठीवर दोन गोळ्या असल्या तर आठवड्याभरात एकच उरते, आणि उरायला नको तीच उरते. एकत्र केल्यावर ही सोय बंद झाली, हा मोठाच फायदा. पण त्याबरोबर एक गैरसमज आला. कॅप्सूलवर ‘पोटाला सुरक्षित’ असा शिक्का बसला आणि तो हळूहळू नुसता ‘सुरक्षित’ झाला. रॅबेप्राझोल सांभाळतं ते जठर आणि त्याला लागून असलेला लहान आतड्याचा पहिला भाग. त्यापुढच्या वीसेक फूट आतड्याला त्याचा उपयोग नाही. तिथे दुखण्याचं औषध बारीक जखमा करतं, त्यांतून थोडं थोडं रक्त जात राहतं. शौचाला काळी होत नाही, पोट दुखत नाही, फक्त जिना चढताना धाप लागायला लागते. वयाचा दोष म्हणून सोडून देतात आणि सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन आठ निघतं.

मूत्रपिंड तर या संरक्षणाच्या पूर्ण बाहेर. मूत्रपिंडात येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवण्याचं काम त्याच प्रोस्टाग्लँडिनचं. तरुण, पाणी भरपूर पिणाऱ्या माणसाला चार दिवस ते नसलं तरी निभतं. वय झालेलं, बीपी, शुगर आणि वर उन्हाळा असेल तर निभत नाही. (पशुवैद्यकात वापरलेल्या डायक्लोफेनॅकमुळे आपल्याकडची गिधाडं मेली, ती मूत्रपिंडं निकामी होऊनच. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली. माणसाची मूत्रपिंडं गिधाडाइतकी हळवी नाहीत, पण औषध तेच.)

म्हणून आईंची बीपीची स्ट्रिपही उलटी करा. तिथे टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल यांपैकी नाव आहे का? आणि त्याच गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन आहे का? अशा गोळ्यांच्या नावामागे बहुतेक वेळा ‘एच’ किंवा तसं एखादं अक्षर जोडलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. ते लघवी वाढवणारं औषध. बीपीचं एक, लघवीचं एक आणि त्यावर दुखण्याचं तिसरं, हे त्रिकूट मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी दाब आणतं. त्यातच जुलाब-उलट्या झाल्या की क्रिएटिनिन चार दिवसांत चढतं. शिवाय दुखण्याचं औषध बीपीच्या गोळीचा परिणामही कमी करतं. बीपी वाढलं म्हणून डॉक्टर गोळी वाढवतात, कारण रोजच्या कॅप्सूलबद्दल त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

शुगरच्या गोळीत मेटफॉर्मिन असेल तर आणखी एक धागा जोडला जातो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होतं. पित्ताची औषधं दीर्घकाळ घेतल्यानेही कमी होतं. आई शाकाहारी असतील तर जेवणातूनही ते जेमतेमच मिळतं. पायाला मुंग्या, तळव्यांची आग, चालताना तोल जाणं हे सगळं शुगरच्या खात्यावर मांडलं जातं आणि बी-१२ तपासायचं राहून जातं. ते तपासून घ्या. रोज, महिनोन्महिने पित्ताचं औषध चालू असलं तर मॅग्नेशियमही कमी होऊ शकतं आणि हाडं मोडण्याचा धोकाही थोडा वाढतो. दुखण्याचं औषध बंद केलं तर पित्ताचं औषध चालू ठेवायला वेगळं कारण लागतं. ते बंद केल्यावर काही दिवस आंबट पाणी वर येतं, जळजळतं. त्याला घाबरून पुन्हा सुरू करू नका. बहुतेक वेळा ते आपोआप ओसरतं, आणि नाही ओसरलं तर डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

हृदयाबद्दल. युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये डायक्लोफेनॅकबद्दल स्पष्ट बजावलं : हृदयविकार, पक्षाघात, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार किंवा हृदय कमकुवत असेल तर हे औषध देऊ नये. पुढे हाच इशारा अॅसेक्लोफेनॅकलाही लागू झाला. बीपी, शुगर असणाऱ्यांना विचार करून, कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस द्यावं, हाही त्याचाच भाग. आईंना अॅन्जिओप्लास्टी झाली असेल, रोज अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल, वॉरफरिन किंवा अॅसिनोकुमारॉलसारखं रक्त पातळ करणारं औषध असेल तर या कॅप्सूलबद्दल हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची स्ट्रिप आणू नका. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, कारण ती क्लोपिडोग्रेलला कामाला लागू देत नाहीत.

हिशेबाची एक चूक घरोघरी होते. अॅसेक्लोफेनॅकची दिवसाची मर्यादा २०० मिलिग्रॅम. सस्टेन्ड रिलीज कॅप्सूल एक घेतली की मर्यादा तिथेच संपली. संध्याकाळी पाठ दुखते म्हणून डब्यातली दुसरी कुठली तरी गोळी घेतली जाते, तिच्यावर लिहिलेलं असतं अॅसेक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. रात्री दाढ दुखली म्हणून दातांच्या डॉक्टरांची राहिलेली गोळी, तिच्यात आयब्युप्रोफेन. नावं तीन, रंग तीन, काम एकच. आणि सकाळी चहाआधी पॅन्टोप्राझोल वेगळं चालू असेल तर पित्ताचंही दुप्पट. घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स एका ताटात ओता आणि मागची नावं एका कागदावर उतरवा. तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. फाइलपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

तुम्ही मेडिकलमधून आठ महिने स्ट्रिप आणताय, त्यात दोष एकट्या तुमचा नाही. स्ट्रिपवर डाव्या बाजूला लाल उभी रेघ असते, चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं असतं, आणि काउंटरवर त्याकडे दोन्ही बाजूंनी काणाडोळा होतो. पण चिठ्ठी दहा दिवसांची होती. ज्या डॉक्टरांनी दहा लिहिले त्यांनी अडीचशे लिहिले असते तर आधी क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन करून घ्यायला सांगितलं असतं. आता ते करून घ्या, लघवीची साधी तपासणीही करा. वय ६५ च्या पुढे, पूर्वी कधी अल्सर झालेला, किंवा रक्त पातळ करणारी गोळी, यांपैकी काही असेल आणि औषध बराच काळ लागणार असेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूची तपासणीही डॉक्टर सुचवतील. आपल्याकडे तो अनेकांच्या पोटात असतो, आणि तो असताना दुखण्याचं औषध म्हणजे अल्सरला दुहेरी आमंत्रण.

तोवर गुडघ्याचं काय, हा आईंचा प्रश्न असणार आणि तो रास्त आहे. झिजलेला गुडघा या कॅप्सूलने भरून येत नाही, फक्त दुखणं दबतं. त्यामुळे ज्या दिवशी दुखत नाही त्या दिवशी न घेण्याने काही बिघडत नाही. बीपीच्या गोळीसारखी ती नेमाने घेण्याची गोष्ट नाही. गुडघा कातडीच्या जवळ असतो म्हणून डायक्लोफेनॅकचं जेल तिथे चांगलं लागू पडतं. दिवसातून तीन-चार वेळा, निदान दोन आठवडे, रगडून नव्हे तर हलक्या हाताने पसरून लावायचं. त्यातला अगदी थोडा अंश रक्तात जातो. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात गुडघ्याच्या झिजेसाठी अशा जेलची ठाम शिफारस आहे, आणि व्यायाम व वजन कमी करण्याचीही. मांडीचे पुढचे स्नायू घट्ट करण्याचा व्यायाम खुर्चीत बसून करता येतो : पाय समोर सरळ उचलायचा, पाच-सात आकडे मोजायचे, सावकाश खाली. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. जमिनीवर मांडी घालणं, उकिडवं बसून भांडी घासणं हे काही काळ बंद. आणि काठी. तिचं नाव काढलं की आपल्याकडे माणसं दुखावतात. पण उजवा गुडघा जास्त दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरून बघायला सांगा. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग काठीचा काही उपयोग नाही म्हणतात.

कॅप्सूल ताबडतोब थांबवून दवाखाना गाठायचा तो अशा वेळी : शौचाला डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची होणं, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी, अचानक पोटात असह्य कळ, लघवी कमी होणं, पावलं सुजणं, छातीत दुखणं, दम लागणं, अंगावर पुरळ. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळपट होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते. शंका असेल तर तपासून घेणं बरं. आणि आधी पोटात दुखेल, मग कळेल, या भरवशावर राहू नका. वयस्कर माणसांत पुष्कळदा पहिली खूण रक्तस्रावाचीच असते, कारण दुखणं त्या औषधानेच दाबलेलं असतं.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना वाताचा त्रास आहे. त्यांच्याकडे दुखण्याची आणि पोटाची एकत्र गोळी असते. पाळीत माझं पोट फार दुखतं, म्हणून त्यांची एक गोळी घेतली तर चालेल का? पोटाला त्रास होत नाही असं त्या म्हणतात.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गोळीत दुसरं नाव मिसोप्रोस्टॉल असेल तर अजिबात नाही. आपल्याकडे वैद्यकीय गर्भपातासाठी मिफेप्रिस्टोनबरोबर जे औषध दिलं जातं ते हेच. दुखण्याच्या गोळीने जठराची जी राखण उठते, ती परत आणण्यासाठी ते डायक्लोफेनॅकबरोबर घातलेलं असतं, पण गर्भाशयालाही ते आकुंचन पावायला लावतं. पाळी आहे म्हणून गरोदर नाही, असं दर वेळी खात्रीने म्हणता येत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांतला थोडा रक्तस्राव पाळी समजला जातो. अशा वेळी ही गोळी गेली तर गर्भपात, जोराचा रक्तस्राव, आणि गर्भ टिकला तर बाळात व्यंग, असे सगळे धोके असतात. सासूबाईंच्या वयाला ही गोळी ठीक असेल. पण ज्या घरात तरुण मुली-सुना आहेत तिथे ती स्ट्रिप देवळीत, सगळ्यांच्या डोकेदुखीच्या गोळ्यांबरोबर ठेवू नये. सासूबाईंना हे तुम्हीच सांगा, त्या ऐकतील. ही गोळी काय आहे ते त्यांनाही कोणी सांगितलेलं नसणार.

दुसरं नाव रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल असेल तर तो धोका नाही, पण पाळीच्या दुखण्याला ही गोळी सोयीची नाही. सस्टेन्ड रिलीज असल्यामुळे उतार पडायला वेळ लागतो, आणि पित्ताचं औषध तुम्हाला बहुधा नकोच आहे. पाळीच्या दुखण्यासाठी मेफेनॅमिक अॅसिडसारखी साधी औषधं दोन-तीन दिवसांपुरती दिली जातात. दमा असेल, किंवा अॅस्पिरिनने पूर्वी कधी अंगावर पित्त उठलं असेल, तर तेही विचारूनच. दर महिन्याला गोळी लागावी इतकं दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पुढे कधी दिवस गेले तर एवढं ध्यानात ठेवा : वीस आठवड्यांनंतर दुखण्याची ही सगळीच जातकुळी टाळतात, कारण बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं.

प्रश्न : इंजेक्शन घेतलं तर औषध पोटात जातच नाही. मग कमरेत सुई घेणं जास्त सुरक्षित नाही का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. वर सांगितलं तसं औषध रक्तातून जठरात पोचतं. सुईने ते तिथे लवकर पोचतं, एवढाच फरक. किडनी आणि हृदयावरचा परिणामही तोच. सुईची मात्रा आणि घरची गोळी एकाच दिवशी झाली तर दुप्पट होते, तेव्हा सुई घेताना आज सकाळी काय घेतलं ते सांगा. ‘हमखास उतारा’ म्हणून बिनलेबलच्या पुड्या विकतात, त्यांचंही तसंच. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि दुखण्याची औषधं मिसळलेली सापडली आहेत, आणि स्टेरॉइड व दुखण्याचं औषध एकत्र आलं की अल्सरचा धोका कितीतरी वाढतो. आराम जितका चमत्कारिक, तितका संशय जास्त घ्यावा.

प्रश्न : मी एकादशी करते. त्या दिवशी ही कॅप्सूल घ्यावी का? यंदा वारीला चालत जायचा विचार आहे, तेव्हा रोज घेतली तर?
– एक वाचक, पुणे

उत्तर : साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ अशी एकादशी असेल तर जठराच्या हिशेबी तो उपवास नाहीच. कॅप्सूल अर्धा तास आधी, मग फराळ, काही अडचण नाही. निर्जळी करत असाल तर त्या दिवशी दुखण्याचं औषध बंद ठेवा. अंगात पाणी कमी आणि वर हे औषध, हे मूत्रपिंडाला नको असतं. बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका, उपवासाच्या दिवशी त्या कशा घ्यायच्या ते आधीच विचारून ठेवा.

वारीत पाय दुखणारच. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची वाट, घाम, आणि लघवीला जायची अडचण म्हणून कमी पाणी प्यायची बायकांची सवय, यांत रोज एक कॅप्सूल घालू नका. मुक्कामी पाय शेकणं, जेल लावणं, लागलीच तर पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी. पाणी मात्र पीत राहा. वाटेत फिरते दवाखाने आणि औषध वाटणारे तंबू असतात. तिथे कोणी सुटी गोळी हातावर ठेवली तर नाव विचारा. स्ट्रिप कापून दिलेली असेल तर नाव असलेला तुकडा मागून घ्या. जुलाब लागले किंवा ताप भरला तर दुखण्याच्या गोळ्या त्या क्षणी बंद. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा नाही असं रक्त तपासल्याशिवाय सांगता येत नाही, आणि डेंग्यूत प्लेटलेट उतरलेल्या असताना ही औषधं रक्तस्राव वाढवतात. तापाला फक्त पॅरासिटामॉल, आणि दुसऱ्या दिवशीही ताप असेल तर दिंडी थांबवून रक्ताची तपासणी.